नकाशावरचं कुंकू

विभावरीने मान वर केली. नकाशावर, कोकणच्या किनाऱ्यालगतच्या निळ्या पाण्यात, तांबडा ठिपका उमटला होता. कुंकवाचा.

दसरा होता. सकाळी सासूबाईंनी कपाळी मेण लावून त्यावर कुंकू दाबलं होतं, नि ती तशीच डून लेरीच्या घरून गाडी पकडून डब्लिनच्या ग्रंथालयात आली होती. जुन्या पुस्तकांची पानं उलटायची, फोटो काढायचे, हे तिचं काम. आज समोर होता दोनशे वर्षांपूर्वी इस्तंबूलला छापलेला अ‍ॅटलास. तिथल्या गोदामाच्या आगीतून वाचलेल्या मोजक्या प्रतींतली एक. पिवळं अरबस्तान, हिरवी तुर्कांची भुई. हिंदुस्थानचं पान उघडलं, आपला किनारा दिसला, आणि सणाच्या दिवशी पोथीला टेकवावं तसं तिने कपाळ टेकवलं. विचार करायला सवड कुठली!

बाहेर जाऊन तिने नवऱ्याला फोन लावला.

“कुणी पाहिलं?” हेमचंद्र कुजबुजला.

“नाही रे.”

“मग गप्प बस. फोटोत पुसून टाक. सोमवारी कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय, त्यावर आपला व्हिसा लटकलाय.”

“अरे, पण पुस्तक...”

“पुस्तक दोनशे वर्षं जगलंय बाई! आपलं बघ.”

ती परतली. ठिपक्याभोवती तेलकट कड धरली होती. मेण कागदात उतरत होतं, गुपचूप, खोल. दाराशी पावलं वाजली की ती ठिपक्यावर हात आडवा धरायची. शेवटी तीच उठली आणि पुस्तकं दुरुस्त करणाऱ्या नोरीनला घेऊन आली.

“हे काय?”

“माझं कपाळ.”

“कपाळ?”

“नमस्कार केला मी. पुस्तकाला.”

“जीझस, विभा!”

नोरीनने बारीक पातीने मेण अलगद उचललं. गुलाबी छटा तेवढी राहिली.

“लगेच सांगितलंस म्हणून एवढं तरी निघालं.”

“माझं कॉन्ट्रॅक्ट?”

“वर कळवावंच लागेल मला. ते काय करतील, देव जाणे.” मग नोरीन हलकेच म्हणाली, “आता पानं मी उलटते. तू फक्त पायाने कॅमेऱ्याचं बटण दाब.”

विभावरीने ती गुलाबी छटा होती तशी फोटोत टिपली. मग दोन्ही हात पाठीशी बांधून उभी राहिली. नोरीनने पान उलटलं.

“थांब, कोपरा दुमडतोय,” विभावरी म्हणाली. तिचा हात निम्म्यापर्यंत पुढे आला, आणि पुन्हा पाठीशी गेला.