भिकुबाईच्या बोलीतली तबकडी

धुळ्याच्या देवपुरात मिशनच्या आवारात राहणाऱ्या वच्छलाबाईंचं मराठी इतकं स्वच्छ, की नव्याने आलेल्या माणसाला त्या पुण्याकडच्या वाटत. त्या होत्या शिंदखेड्याजवळच्या एका खेड्यातल्या. लहानपणीच वडील तापाने गेले, तेव्हा आईने, भिकुबाईने, शिकायला म्हणून त्यांना धुळ्याच्या मिशनच्या बोर्डिंगात ठेवलं होतं. पहिल्याच जेवणाला "माले भूक लागनी शे" म्हटल्यावर बाकीच्या मुली खदखदून हसल्या. तेव्हापासून त्यांनी अहिराणीतलं ते 'शे' गिळलं ते गिळलंच.

पुढे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. शाळामास्तर जीवरामांशी लग्न झालं. गावोगाव फिरून बायकांना शुभवर्तमानातल्या गोष्टी सांगायचं काम मिळालं. भिकुबाईने आपला देव बदलला नाही, पण लेकीलाही टाकलं नाही. फक्त लेक घरी आली, की ती जपून, तोलून बोलायची. "तू आते साहेबनी भाषा बोलस, माय. मनं तुले काय समजीन?" असं म्हणायची. गावातल्या कुजबुजीपेक्षा वच्छलाबाईंना हेच जास्त लागे.

छप्पन सालच्या हिवाळ्यात धुळ्याला एक मडम आली. तिच्याजवळ आवाज टिपून घेणारं यंत्र होतं. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना प्रभूच्या गोष्टी त्यांच्या घरच्या बोलीत ऐकता याव्यात, म्हणून ती तबकड्या करून घेत होती. अहिराणीसाठी चर्चचे पाळक लीलाधरराव यांनी वच्छलाबाईंचं नाव सांगितलं.

शाळेच्या एका खोलीत खिडक्यांना गोधड्या टांगल्या. वच्छलाबाईंनी कागदावरून विहिरीवरच्या बाईची गोष्ट वाचली. वाटेने दमून आलेला प्रभू भर दुपारी विहिरीवर आलेल्या एका परक्या, सगळ्यांनी नावं ठेवलेल्या बाईजवळ पाणी मागतो, ती ही गोष्ट. मग मडमेने यंत्र उलटं फिरवून आवाज ऐकवला. वच्छलाबाई आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःला ऐकत होत्या.

"हे नको," त्या म्हणाल्या.

"का? किती स्पष्ट आलंय," लीलाधरराव म्हणाले.

"ही अहिराणी नाही, पाळकसाहेब. मराठीलाच शे चिकटवलंय. लोकांना कळेल सगळं, पण आपलं वाटणार नाही. मला दोन दिवस द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने त्या गावी गेल्या. भिकुबाई ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. वच्छलाबाई शेजारी बसल्या, त्यांनीही शेंगा हातात घेतल्या, आणि दोन्ही भाषांत अडखळत आईला ती गोष्ट सांगायला लागल्या. भिकुबाईने मध्येच थांबवलं.

"थांब. ती दुपारले कसाले उनी पानीले? बाया सकायले जातस."

"काय माहीत, माय."

"माले माहीत शे. बठ्ठ्या बाया तिले नावं ठेवतस व्हतीन. तोंड चुकाडाले दुपारले उनी ती." भिकुबाईचे हात थांबले होते. "तुना बाप गया, तव्हय मीबी दुपारलेच जाऊ."

वच्छलाबाईंनी ही गोष्ट शेकडो बायकांना सांगितली होती. विधवा झाल्यावर बायकांची तोंडं चुकवत पाण्याला जाणाऱ्या आईची दुपार त्यांना आज कळली. त्यांनी गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. या वेळी शब्द शोधावे लागले नाहीत. आई हुंकार देत गेली, एखादा शब्द बदलत गेली, आणि शेवटी म्हणाली, "आते कशी मनी अंडेर, मनी लेक, बोली ऱ्हायनी!"

धुळ्याला परतल्यावर त्यांनी कागद बाजूला ठेवला. "बाई, माले पानी पाज," असं प्रभू म्हणतो तिथे त्यांचा आवाज जरा कापला. मडम म्हणाली, राहू द्या तसाच.

तबकड्या तयार होऊन यायला वर्ष लागलं. चावी फिरवून तबकड्या वाजवायची फोनोची पेटी घेऊन वच्छलाबाई गावी गेल्या. भिकुबाईच्या ओट्यासमोर माणसं जमली. चुलतभाऊ अभिमन पुढे आला.

"काकू, हाई आपले बाटाडाना धंदा शे. बंद कर."

वच्छलाबाई उत्तर देणार होत्या, तेवढ्यात भिकुबाईच उठली. "धरम तिना शे, अभिमन. बोली मनी शे. माले आयकू दे. तुले नको, ते घर जो."

अभिमन घरी गेला नाही. भिंतीला टेकून उभा राहिला.

सुई टेकली. आधी खरखर झाली, मग पेटीतून आवाज आला. तिथे कोणी पंडित बोलत नव्हता, साहेब बोलत नव्हता. आपल्याच गल्लीतली बाई बोलत होती. एक म्हातारी पेटीच्या मागे डोकावून आली. "दुपारले कसाले उनी?" हे आलं, तशा बायकांनी एकमेकींकडे बघितलं. भिकुबाई ताठ बसली होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं.

तबकडी संपली. मग भिंतीजवळून अभिमनच म्हणाला, "परत लाव."

त्या संध्याकाळी गावात कोणाचा धर्म बदलला नाही. पण फोनोची चावी भिकुबाईने दुसऱ्या कोणाला फिरवू दिली नाही, आणि येणाऱ्या प्रत्येकाला जागा करून दिली.

सकाळी वच्छलाबाई परत निघाल्या, तेव्हा पेटी आईने डोक्यावर घेतली. शिंदखेड्याच्या स्टँडवर कंडक्टरने विचारलं, "आजी, पेटीत काय?"

भिकुबाईने एका हाताने पदर सावरला.

"हाई पेटीमा मनी अंडेर बोलस," ती म्हणाली. "आपली अहिराणी बोलस. जपीसन ठेव."