पिवळं पॅडल

एप्रिलमध्ये बर्फ काढला की गावातल्या कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावरच्या खेळाच्या, शेडमध्ये टेनिससारख्या पिकलबॉलच्या रेघा मारतात, आणि साठी उलटलेलं निम्मं गाव सकाळी नऊला तिथे हजर होतं. दाराशी एक लाकडी रॅक आहे. आलेल्याने आपलं पॅडल, म्हणजे खेळायची छोटी बॅट, त्यात ओळीने लावायचं. चार पॅडलं झाली की त्या चौघांचा डाव, शेजारशेजारची दोन एका बाजूला. दुसऱ्याच्या पॅडलला हात लावायचा नाही, हा तिथला एकच खरा नियम. कुणी एखादा गुण लाटला तर लोक हसून सोडून देतात. रॅकच्या बाबतीत मात्र माफी नाही.

त्या रॅकमध्ये वॉल्टरच्या निळ्या पॅडलशेजारी ग्वेन फ्रीझनचं पिवळं पॅडल रोज दिसायचं, आणि वॉल्टरच्या बायकोचा, डोरीनचा, रोज जळफळाट व्हायचा.

चौदा महिने डोरीनचा उजवा पाय कमरेपासून पोटरीपर्यंत ठणकत होता. पहिले बारा महिने तिने शेक घेतला, गोळ्या घेतल्या आणि बाकावर बसून नवऱ्याचा खेळ पाहिला. मग फिजिओथेरपीवाल्या जनेलने तिला सुनावलं, "आराम पुष्कळ झाला. आता पायाला काम द्या. रोज थोडं खेळा. दहापैकी तीन एवढं दुखलं तर खुशाल खेळत राहा, पाच झालं की बसा." डोरीनने शेवटच्या कोर्टवर नवशिक्यांबरोबर दहा मिनिटांपासून सुरुवात केली. जून लागेपर्यंत ती सलग दोन डाव खेळू लागली. पायाचं दुखणं कमी होत होतं, पोटातलं वाढत होतं.

ग्वेन देखणी होती म्हणून नव्हे. ती चांगली रुंद, राकट बाई, आयुष्यभर शाळेची बस चालवलेली. डोरीनला सलत होतं ते वेगळंच. पाय दुखायच्या आधी डोरीन त्याच्याबरोबर खेळायची तेव्हा वॉल्टर तिचा प्रत्येक चेंडू "माझा, माझा" करत पळवायचा. आणि ग्वेनच्या बाजूला चेंडू गेला की हाच माणूस जागच्या जागी थांबून म्हणायचा, "तू घे." एका सकाळी डोरीनने मोजलं. एकवीस वेळा.

जुलैच्या स्पर्धेचा कागद कॉफीच्या किटलीजवळ लावला होता. सोमवारी त्यावर मिश्र दुहेरीत वॉल्टरच्या अक्षरात दोन नावं आली: वॉल्टर आणि ग्वेन.

"माझं नाव का नाही घातलंस?" दुपारी जेवताना डोरीनने विचारलं.

"अगं, तुझा पाय."

"माझा पाय आता दोन डाव खेळतो."

"नवशिक्यांबरोबर. उगाच परत लागलं म्हणजे? मी काळजी घेतोय ना."

"घेतोस की. ग्वेनची."

वॉल्टरने पेरोग्यांवर, बटाट्याच्या त्या उकडलेल्या करंज्यांवर, आणखी थोडी आंबट साय घातली.

गुरुवारी डोरीन शेडमध्ये शिरली तेव्हा रॅकमध्ये पहिली चार पॅडलं लागलेली होती, निळ्याला खेटून पिवळं. ग्वेन कॉफी आणायला गेली होती. डोरीनने पिवळं पॅडल उचललं, सहा खाचा मागे नेऊन ठेवलं आणि त्याच्या जागी आपलं लाल पॅडल लावलं.

बाकावरच्या म्हाताऱ्या हेन्रीचा कप तोंडाशी जाता जाता थांबला. "डोरीन, बरी आहेस ना गं?"

"उत्तम आहे."

ग्वेन परत आली. तिने रॅककडे पाहिलं, डोरीनकडे पाहिलं आणि बाकावर जाऊन बसली. ती भांडली असती तर डोरीनला सोपं गेलं असतं.

डाव सुरू झाला. पहिला चेंडू सरळ डोरीनकडे आला. तिचा पाय मोकळा होता, तयार होता. "माझा!" म्हणत वॉल्टर आडवा आला. दुसरा त्याने घेतला, तिसराही. समोरचे दोघे काही दूधखुळे नव्हते. त्याने मोकळी सोडलेली बाजू बघून ते तिथेच मारू लागले. डाव सहा-अकरा असा गेला. अख्ख्या डावात सर्व्हिस सोडून डोरीनच्या वाट्याला दोन चेंडू आले होते.

"बघ," वॉल्टर धापा टाकत, खुशीत म्हणाला, "पायाला जरासुद्धा त्रास होऊ दिला नाही."

डोरीन बाकाकडे गेली. "पॅडल मी हलवलं."

"माहितेय. हेन्रीने सगळ्या शेडला सांगितलंय," ग्वेन म्हणाली.

"चुकलं माझं."

"चुकलंच. पण एक सांग, तुझ्याबरोबर तो नेहमी असाच खेळतो?"

"पहिल्यापासून. तुला बरा 'तू घे' म्हणतो."

"म्हणतो कसला, म्हणायला लावलं. पहिल्याच दिवशी बजावलं, माझ्या चेंडूला परत हात लावलास तर मी घरी जाईन. तू कधी सांगितलं नाहीस?"

अडतीस वर्षांच्या संसारात डोरीनला हे सुचलंच नव्हतं. पिवळ्या पॅडलचा तिने इतके दिवस हेवा केला होता. आता तिला त्या एका वाक्याचा हेवा वाटला, आणि हा जास्त झोंबला.

"माझा गुडघाही असाच धरलेला होता," ग्वेन म्हणाली. "पायाच्या आधी नवराच चेंडूपाशी पोचला तर पाय सुधारणार कसा?"

ती उठली, कागदाशी गेली आणि मिश्र दुहेरीतलं आपलं नाव खोडून टाकलं. "बायकांच्या दुहेरीत जागा आहे. येतेस?"

डोरीनने पेन घेतलं आणि दोघींची नावं लिहिली.

वॉल्टर कॉफीसाठी आला आणि कागद वाचून तिथेच थबकला. "अगं, मग मी कुणाबरोबर खेळू?"

"रॅकमध्ये पॅडल ठेव," डोरीन म्हणाली. "भेटेल कुणीतरी."

दोघींचा नंबर लागायला अर्धा तास गेला. पहिलाच चेंडू बरोबर मधून आला. ग्वेन जागची हलली नाही. "तू घे!"

डोरीन धावली. पोटरीत कळ आली, तीन, फार तर साडेतीन. चेंडू जाळीवरून पलीकडे पडला.

"अगं, पाय!" बाकावरून वॉल्टर म्हणाला. पण तो तिच्या पायाकडे बघत नव्हता. कप दोन्ही हातांत गच्च धरून तो ग्वेनकडे बघत होता. तो चेहरा डोरीनच्या चांगला ओळखीचा होता. पिवळ्या पॅडलकडे बघताना त्याच बाकावर तिचाही चेहरा असाच व्हायचा. तिला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. तिने पुढचाही चेंडू घेतला.