सोपानरावांचा घमेलंभर घास

टाकवे बुद्रुकात यात्रेच्या आदल्या दिवशी बैलांपेक्षा घोडीची बडदास्त जास्त. घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या धावपट्टीवर, बैलगाडा सुटला की त्याच्या पुढे एक घोडी पळते आणि तिला गाठायच्या नादात बैल जीव तोडून पळतात. राजकारणातही हीच पद्धत आहे. फक्त तिथे पुढे कोण पळतंय हे बैलांना सांगत नाहीत.

या मानाच्या घोडीला आदल्या संध्याकाळी गावातल्या प्रत्येक घरानं एकेक घास भरवायचा, असा रिवाज. कुणी पुरणपोळीचा तुकडा, कुणी गूळ-चणे. एका घरानं गेल्या साली लोणावळ्याची चिक्की दिली, तर घोडी यात्रा उठेपर्यंत जिभेनं दात चाचपत होती.

यंदा मान पाखरूचा होता. पाखरू ही हौशीरामआबांची तांबडी घोडी. शनिवार-रविवारी ती लोणावळ्यात मुंबईच्या लोकांना पाठीवर घेते, आणि फोटोत निदान दोघांपैकी एक ऐटबाज दिसावा म्हणून मान ताठ ठेवते. आबांचा लेक पिंपरीला, सून पिंपरीला, आबा आणि पाखरू इथं. आबा दिवसभर घोडीशी बोलतात आणि घोडी त्यांना मधे तोडत नाही. असा संसार गावात दुसरा नाही.

आता सोपानराव. हे यात्रा कमिटीचे अध्यक्ष. त्यांच्या गोठ्यात गाई आहेत आणि तोंडात मुरघास. म्हणजे हिरवा मका बारीक कापून, प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशवीत हवाबंद दाबून मुरवलेला चारा. गाई तो खातात आणि दूध देतात. सोपानराव त्यावर बोलतात आणि लोक उठून जातात.

"घास घास म्हंता, घास म्हंजे काय वो?" सोपानरावांनी कमिटीत विचारलं. "मुरघासात घास हाय का न्हाई? मंग तुमचा चिमटीभर, माजा घमेलंभर!"

व्याकरणात चूक काढायला जागा नव्हती. चूक होती ती चाऱ्यात, पण कमिटीत ती कुणाच्या ध्यानात आली नाही. गाईला चालतं ते घोडीला का चालू नये, असा साधा हिशेब. दोघींना चार पाय आहेतच.

संध्याकाळी नारळ फोडून मुरघासाची नवी पिशवी उघडली गेली. गावाचे घास भरवून झाल्यावर सोपानराव डोक्यावर घमेलं घेऊन एकटेच आबांच्या गोठ्यात गेले. आबा तेव्हा देवळात होते. थोड्या वेळानं सोपानराव रिकामं घमेलं घेऊन परतले आणि निवेदक भिकाजीच्या कानाला लागले. भिकाजीनं लगेच कर्ण्यावरून पुकारलं, "अध्यक्षांचा घास पाखरूनं चाटूनपुसून खाल्ला हो!" हे त्यानं तीनदा पुकारलं. हरवलेल्या पोराचं त्यानं एकदाच पुकारलं होतं.

यात्रेच्या सकाळी झुंबरबाईंनी, म्हणजे सोपानरावांच्या मंडळींनी, गाईंसाठी त्याच पिशवीत हात घातला आणि किंकाळी फोडली. सोपानराव सरपंचकीला पडले तेव्हाही बाई इतक्या ओरडल्या नव्हत्या. तेव्हा तर त्या हसल्या होत्या.

"अवं, मुरघासात घूस मुरलीया!"

खरंच होतं. पिशवीला खालून भोक पाडून घूस आत शिरली होती आणि बाहेर पडायचं तिला जमलं नव्हतं. कुजून तिचा लगदा झालेला, भोवतीचा चारा काळा, आणि वास असा की पुढच्या आळीतल्या लोकांनी आपापल्या चपला तपासल्या.

जनावरांच्या डॉक्टर अपूर्वा घोरावाडीजवळ राहतात. शर्यतीच्या बैलांची तपासणी त्यांच्याकडेच असल्यानं त्या घाटात आलेल्याच होत्या. त्या धावत आल्या, पिशवीत वाकून बघितलं आणि हातमोजे चढवता चढवता विचारलं, "गाईंनी खाल्लं यातलं?"

"न्हाई वो ताई," झुंबरबाई म्हणाल्या. "पयलं घमेलं मानाचं. घोडीचं."

"घोडीनं खाल्लं?"

सगळ्यांच्या नजरा सोपानरावांकडे वळल्या. समोर माणसं जमलेली दिसली की खरं-खोटं बघायच्या आधीच त्यांची छाती पुढे येते.

"खाल्लं म्हंजे! चाटूनपुसून!"

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "असं मेलेलं जनावर बंद चाऱ्यात कुजलं की त्यात विष तयार होतं. बोट्युलिझम म्हणतात. गाईलाही ते वाईटच, पण घोड्याला कणभर पुरतं. आधी जीभ ढिली पडते, गिळता येत नाही. मग पाय लटपटतात, जनावर खाली बसतं, आणि मग श्वास..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. आबा मागे येऊन उभे होते.

"औषद?" आबांनी विचारलं.

"त्यावरचं सीरम असतं, आबा. पण आपल्याकडे सहज मिळत नाही. मी पुण्याला, मुंबईला फोन लावते. आधी घोडी दाखवा."

बातमी घाटात पोचली आणि घाट रिकामा होऊन आबांच्या गोठ्याकडे निघाला. वाटेत आबाच पाखरूला घेऊन येताना भेटले, मग सगळे वळून पुन्हा घाटात आले. भिकाजीच्या हातात माइक होता आणि माइक चालू होता. "बोटूलिझम! मंडळी, बोटूलिझम! घोडीला बोटं नसताना हा आजार कसा झाला, डॉक्टरीणबाई आत्ता सांगतील!"

"धडधाकट घोडं ओंजळभर भरडा दोन मिनिटांत फस्त करतं," डॉक्टर म्हणाल्या. "विष लागलेलं घोडं चघळत बसतं, तोंडातून सांडतं. आत्ता बघून घेऊ."

डॉक्टरांच्या मनगटावर घड्याळ होतं. पण टाकव्यात शर्यतीच्या घड्याळाशिवाय कुणाचा वेळ धरत नाहीत. बैलांचे सेकंद मोजणाऱ्या त्या भल्यामोठ्या लाल आकड्यांच्या घड्याळाखाली पाखरूला उभं केलं. पाटीत ओंजळभर भरडा ओतला. भिकाजीनं हात वर केला.

"घोडी पाटीवर आली... सुटली! भिर्रर्र! पयला घास... दुसरा घास... दाढंखाली गेला! आबा मागं सरा! तिसरा घास..."

लोक झाडांवर चढले. शेजारच्या गावचे गाडामालक बैल सोडून बघायला आले. "चाव! चाव गं माजे बाय!" म्हातारी आक्काबाई ओरडली, तिला स्वतःला एक दात नव्हता. घड्याळ पुढे पळत होतं.

आणि पाखरू थांबली.

निम्मा भरडा पाटीत तसाच. तिनं मान वर केली, इकडंतिकडं पाहिलं आणि भरडा नाकानं बाजूला सारला. लाल आकडे दोन मिनिटं ओलांडून गेले. आबांनी पाखरूच्या गळ्यात हात टाकला आणि तोंड तिच्या आयाळीत लपवलं.

डॉक्टर मात्र कपाळाला आठ्या घालून उभ्या होत्या. "काल हिनं काय काय खाल्लंय?"

"आमच्याकडची पोळी."

"आमचे लाडू. दोनच."

"शेंगदाणे, गूळ, बाजरीची भाकरी, आन पोरांनी बुंदी दिली म्हनं..."

"अहो, किती घरं आहेत गावात?"

हा प्रश्न सहसा मतदार यादीच्या वेळी निघतो आणि तेव्हाही उत्तर मिळत नाही. डॉक्टरांनी डोक्याला हात लावला. "मग तिला भूक कुठून असणार? पोट दुखत नाही हेच नवल! ही परीक्षा फुकट गेली."

मग जिभेची परीक्षा झाली. डॉक्टरांनी पाखरूची जीभ हळूच बाजूनं बाहेर ओढली आणि सोडली. जीभ झटक्यात आत गेली. घाटात शिट्ट्या घुमल्या. डॉक्टरांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"आत्ता बरी दिसतेय म्हणून काही होत नाही. विष कधी दुसऱ्या दिवशी चढतं, कधी चार-पाच दिवसांनी. घमेलंभर खाल्लं असेल, तर..." त्यांनी आबांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पळवायची तर अजिबात नाही. घरी न्या. मी सोबत येते."

आबांनी मान हलवली. ते खाली वाकले आणि पाखरूच्या पायांतले घुंगरू सोडायला लागले. गाठ सुटेना. गावाची शर्यत पाखरूवाचून बुडणार होती, पण ते कुणी बोललं नाही. हे टाकव्यात प्रथमच घडलं.

सोपानराव बघत होते. आबांना एक घुंगरू सोडवायला इतका वेळ लागला, की एरवी तेवढ्यात सोपानरावांचं अर्धं भाषण झालं असतं. त्यांच्या मिशीचं एक टोक हललं, मग दुसरं. शेवटी ते डॉक्टरांजवळ सरकले आणि पुटपुटले.

"म्याडम, जरा खाजगी हाय. तिनं खाल्लं न्हाई."

अध्यक्षांच्या शेजारी भिकाजी उभा होता. माइक त्याच्या छातीशी होता, चालू.

"तिनं खाल्लं न्हाई!" सोपानरावांचाच आवाज चारी कर्ण्यांतून डोंगरावर आदळून परत आला. सोपानरावांनी चमकून वर पाहिलं, पण सुटलेलं वाक्य परत घ्यायची सोय कर्ण्यात नसते.

"मंग काय केलं तिनं?" झुंबरबाईंनी गर्दीतून विचारलं. बाईंना माइक लागत नाही.

"हुंगलं," सोपानराव म्हणाले. "आन फुर्रर केलं. माज्या तोंडावर. दोन डाव दिलं, दोन डाव तोंड फिरवलं. गावाचा घास खाती, आन अध्यक्षाचा न्हाई? मी काय तोंड दावलं असतं? उकिरड्यामागं ओतलं सगळं, वर गोणपाट टाकलं."

"सोपाना," आबा म्हणाले. "खरं बोलतोस का आत्ता खोटं?"

हा मात्र अडचणीचा सवाल होता. सोपानरावांचं खरं कसं ओळखायचं, याचा गावाला सरावच नव्हता.

"मोजू या की," झुंबरबाई म्हणाल्या. "घमेलं शिगेला भरून म्याच दिलतं."

सगळा घाट उकिरड्याकडे पळाला. गोणपाट उचललं, चारा होता तसा ढिगानं पडलेला, ना कोंबड्यांनी विस्कटलेला, ना कुत्र्यानं. डॉक्टरांचे हातमोजे घालून झुंबरबाईंनी तो घमेल्यात भरायला घेतला. भिकाजी धावून दमला होता, पण बोलायचा थांबला नव्हता. "पाव भरलं... निम्मं... काठाला आलं..." आबा डोळे मिटून उभे. पाखरू त्यांच्या खांद्यावरून घमेल्यात डोकावली आणि तिनं पुन्हा एकदा फुर्रर केलं, सगळ्यांदेखत.

"शीग!" झुंबरबाई ओरडल्या. "शिगेला शीग! घासभर बी कमी न्हाई!"

जो आरडाओरडा झाला तो कान्हे फाट्यापर्यंत ऐकू गेला असावा. गुलाल शर्यत जिंकल्यावर उधळायचा असतो; तो आत्ताच संपला. आबांनी पाखरूच्या कपाळाला कपाळ लावलं आणि तिला काहीतरी बराच वेळ सांगितलं. मग वळून डॉक्टरांना विचारलं, "पळू द्यावं का, ताई?"

"आधी थोडं चालवा, पोट हलकं होऊ दे. दुपारी मी बघते. आणि आता कुणी पोळी आणली तर त्याला मी टोचीन." मग त्या सोपानरावांकडे वळल्या. "हा चारा, ती पिशवी, हे घमेलं, सगळं खोल पुरायचं. आजच. वर चुना. गाई-कुत्री फिरकायला नकोत."

दुपारी टाकव्याच्या गाड्याची बारी, म्हणजे पळायची पाळी, पुकारली तेव्हा सोपानराव शिवाराच्या टोकाला खड्ड्यात छातीइतके उतरले होते. मावळातला मुरूम कुदळीला दाद देत नव्हता. काठावर झुंबरबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. तिथून घाट दिसत होता. कर्ण्यावर भिकाजीचा "भिर्रर्र" सुटला, मागोमाग हजार माणसांचा गलका.

खड्ड्यातून एक घामेजलेला फेटा वर आला. "काय झालं? कोन पुढं हाय?"

झुंबरबाईंनी डोळ्यांवर आडवा हात धरला. तांबडा ठिपका धुरळा फाडून वर चढत होता, आणि मागे बैलांना त्याची शेपटीसुद्धा सापडत नव्हती.

"पाखरू पुढं हाय," त्या म्हणाल्या. "तुमी खना."