मावशीला हाकलायचं

पाणबुड्याने काठीच्या टोकावरचं रबर चाकूने कापून काढलं. खालचं लोखंड उघडं पडलं.

"लागेल तिला," बायको म्हणाली.

"लागायलाच हवं."

बोट खडकांच्या रांगेवर डुलत होती. आज पर्यटक नव्हते, माशांच्या डोक्यांची बादली नव्हती. उद्या बंदराचे साहेब शिकारी बोट पाठवणार होते, आणि त्याआधी मावशीला माणसांपासून दूर राहायला शिकवायचं होतं. शिकवायला हातात एवढी एकच दुपार होती.

मावशी म्हणजे शार्क, अंगापिंडाने या बोटीएवढी. पाणबुड्या खाली जाऊन पाठीवरच्या हवेच्या टाकीवर पान्हा ठोकायचा आणि निळ्या अंधारातून ती जेवायला हजर व्हायची. म्हणून बायकोने तिचं नाव मावशी ठेवलं होतं. पाणबुड्याच्या सख्ख्या मावशीला हे अजून कळलेलं नव्हतं. मावशी अगदी अंगाजवळून जायची, तिचा काळा डोळा माणसावरून सावकाश फिरायचा, आणि वर आल्यावर मोठमोठी माणसं बोटीच्या कठड्याला मिठी मारून हसायची, रडायची. पाणबुड्या दरवेळी सांगायचा, "हात छातीशी घ्या. आपण तिच्या घरी पाहुणे आहोत."

"पाहुणे यजमानाला भरवतात होय?" बायको सुकाणूवरून विचारायची. सगळे हसायचे. तोही हसायचा.

गेल्या आठवड्यात एक वेल्डर धक्क्याच्या खांबांवरचा गंज पाण्याखाली हातोडीने झाडत होता. टक-टक. मावशी गेली. त्याच्या हातात खायला काही नव्हतं, तर तिने हातच घेतला.

पाणबुड्याने मास्क चढवला. "ठोकायचं. आली की नाकावर मारायचं. ठोकूनही आली नाही, की समजायचं शिकली."

"आणि मग वर यायचं," बायको म्हणाली. "उगाच निरोप घेत बसू नका."

तो गेल्यावर तिने बोटीच्या कडेवरून वाकून, मास्क लावलेलं तोंड पाण्यात घातलं. पाणी स्वच्छ होतं. मावशी आली ती नेहमीसारखी, घाई नसलेली. काठी नाकावर बसली तशी ती सबंध अंगाने शहारली आणि दिसेनाशी झाली. त्याने पुन्हा ठोकलं. ती आली. पुन्हा मारलं. तिसऱ्या खेपेला नाकातून रक्ताचा बारीक धूर निघत होता, तरी ती त्याच्या डाव्या खांद्याशी, एरवी बादली असायची त्या जागी, येऊन वळली. त्याने काठी उचलली. मग ती खाली केली आणि मोकळा हात तिच्या कुशीवरून शेपटीपर्यंत फिरू दिला.

वर येऊन तो फळीवर बसला. मास्क काढला नाही.

"लांब घेऊन जाऊ या तिला," बायको म्हणाली. "खोल समुद्रात. बोटीमागे येईल ती."

"उद्या ते शिकारी ठोकतील. तिला कुठूनही ऐकू येतं."

"त्यांना काय माहीत कसं ठोकायचं ते?"

त्याने काठी फळीवर आडवी ठेवली. मग ती हळूच म्हणाली, "अहो, कोणाला सांगितलंत?"

"इस्पितळात. त्या वेल्डरच्या भावाने विचारलं, आमच्या माणसाच्याच अंगावर का गेली? काय सांगणार होतो? सगळं सांगितलं. कसं बोलावतो, किती वेळा ठोकतो." मास्कच्या काचेवर आतून वाफ धरली होती. "उद्याच्या बोटीवर तो भाऊ असणार आहे."

"खोटं सांगता आलं असतं."

"त्याचा हात गेलाय गं."

ती पाण्याकडे बघत राहिली. मावशीचा काळा आकार बोटीखालून सरकत गेला, वळला, परत आला. जेवल्याशिवाय ती कधी गेलीच नव्हती.

बायकोने दुसरी टाकी पाठीवर घेतली. पट्टे आवळले. पाण्यात उतरून तिला बरीच वर्षं झाली होती. सुकाणू आणि बादली, हे तिचं काम.

"तुझ्याच्याने होणार नाही," तो म्हणाला.

"तुमच्याने तरी कुठे झालं? द्या ती काठी."

त्याने दिली. पान्हाही दिला. कठड्यावर बसून ती पाठमोरी पाण्यात पडली आणि बोट थोडी हलकी झाली.

पाणबुड्याने पाण्यात डोकावून पाहिलं नाही. तो फळीवर बसून राहिला. थोड्या वेळाने तळाच्या लाकडातून आवाज आला. टक-टक. आयुष्यभर त्याने तो खालीच ऐकला होता. वर तो पायांच्या हाडांत शिरतो, हे त्याला माहीत नव्हतं.

आवाज थांबला. मावशी शिकली असं समजून तो कठड्याशी गेला, बायकोला वर ओढून घ्यायला हात पुढे करून वाकला.

पाणी हललं नाही. मग खालून पुन्हा, आधीपेक्षा जोरात, टक-टक.