दोन तबकड्या, एक मारवा

नाना पोतनीस कान तपासायला आले ते २००३ सालच्या मार्चात. होळी होऊन चार-सहा दिवस झाले असतील. सत्तरी ओलांडलेले, इस्त्रीचा सदरा, बोलणं हळू. पंचशीला शेजवळ तेव्हा एका धर्मादाय इस्पितळात कानांची तपासणी करायची. इंदुरातल्या गिरण्यांचे भोंगे बंद पडायला लागून दहा वर्षं होऊन गेली होती, तरी गिरण्यांनी बधिर केलेले कान तिच्याकडे येतच होते. ती माणसं समोरच्यालाही बहिरं समजून ओरडून बोलायची. त्यामुळे नानांचा हळू आवाज तिला त्या दिवशी बरा वाटला.

तिने त्यांना बंद खोलीत बसवलं, हेडफोन लावले, एकेक आवाज सोडला. कागदावरची रेघ निम्म्यापर्यंत नीट चालली आणि मग कोसळली.

"वयाच्या मानाने ठीकच आहे, नानाजी. पण बारीक, उंच आवाज गेले तुमचे. चार हजार हर्ट्झच्या वर जवळपास काही नाही."

"ते मला माहीत आहे," नाना म्हणाले. "माझं उलटं आहे. जे कोणाला ऐकू येत नाही ते मला येतं. त्याची काही टेस्ट असते का?"

बाहेर बाकावर अजून सहा जण बसले होते, पण पंचशीलाने त्यांना बसा म्हटलं.

नाना भागीरथ मिलच्या ऑफिसात होते. होळकरांच्या दफ्तरातली तीन पिढ्यांची नोकरी संपली तेव्हा त्यांच्या वडिलांनी त्यांना मिलमध्ये चिकटवलं. तिथलं संगीत मंडळही नानाच चालवायचे. १९६९ साली इंदिराबाई नावाच्या एक मोठ्या गायिका मिलमध्ये गायल्या होत्या. एका जर्मन माणसाने ते गाणं टेपवर घेतलं होतं. चौतीस वर्षांनी तिकडच्या कंपनीने ती टेप बाहेर काढली आणि तबकड्या केल्या. एक नाही, दोन प्रकारच्या. कारण सीडीच्या पुढची तबकडी कोणती यावरून तेव्हा झुंज लागली होती. एका गटाची सुपर ऑडिओ सीडी, दुसऱ्या गटाची डीव्हीडी-ऑडिओ. दोन्हींत सीडीपेक्षा कितीतरी जास्त आवाज मावतो म्हणे, पण एकीच्या मशीनवर दुसरी वाजायची नाही. कोण टिकणार हे कंपनीलाही कळत नव्हतं, म्हणून तिने दोन्ही काढल्या. नानांचा मुलगा मानस न्यू जर्सीला होता. त्याने दोन्ही मशीनं आणि दोन्ही तबकड्या पाठवून दिल्या.

"टेप एकच," नाना म्हणाले. "गाणं एकच, मारवा. पण सुपर ऑडिओवर एक माणूस आहे. दुसरीवर नाही."

"माणूस म्हणजे?"

"तुम्ही घरी याल का? मग सांगतो."

पंचशीलाला वाटलं, एकटे राहतात, पत्नी गेली, मन खेळ करतं. असे लोक तिने पाहिले होते. पण नानांनी वेड लागल्यासारखं काही बोलून दाखवलं नाही. त्यांना फक्त कोणीतरी आपल्याला खोटं पाडायला हवं होतं. रविवारी दुपारी आवाज मोजायचं यंत्र पिशवीत टाकून ती सुदामा नगरला नानांकडे गेली.

तिने काम चोख केलं. दोन्ही मशीनांचा आवाज मोजून अगदी सारखा केला. त्यांच्यावर चादर टाकली. नानांना पाठ करून बसवलं आणि नाणं उडवून छापा आला तर ही, काटा आला तर ती, अशी एकेक मिनिट तबकडी लावली. तिला स्वतःला दोन्हींत काडीचा फरक कळत नव्हता. तानपुरे, मागे पेटी, आणि षड्जाला वळसे घालत, तो सतत टाळत जाणारा बाईंचा आवाज.

वीस वेळा विचारलं. वीसही बरोबर.

मग तिने त्यांच्या कानांत स्पंजची बुचं घातली, वर जाड कानपट्टा चढवला. आता शेजारी ताट पडलं तरी कळलं नसतं. पुन्हा वीस वेळा. नाना बोटानेच सांगत होते, एक किंवा दोन. वीसही बरोबर.

पंचशीलाने हातातलं पेन खाली ठेवलं. दुपारचे तीन वाजले होते, बाहेर कोणीतरी भंगारवाला ओरडत होता.

"काय ऐकू येतं तुम्हाला?"

नानांनी बुचं काढली. "खालून बोलतो. बाई षड्जावर येता येता थांबतात ना, त्या मधल्या जागेत. हाक मारतो."

"कोणाला?"

"कचरूला."

पंचशीलाने मनात हिशोब केला. मिलच्या चाळींत कचरू काय, पन्नास असतील. पण भागीरथ मिलमध्ये, एकोणसत्तर साली...

"माझ्या वडिलांचं नाव कचरू आहे," ती म्हणाली. "तिथेच होते ते. आधी ब्लो रूममध्ये, मग लूमवर."

नानांचा चेहरा उतरला. त्यांनी उठून मशीन बंद केलं, तबकडी काढली, पुसलेली होती तरी पुन्हा पुसली. मग म्हणाले, "त्यांना घेऊन या, बेटा. पण काही सांगू नका."

कचरू शेजवळ ठार बहिरे होते. त्यांचे वडील महूच्या पलटणीत होते, कचरू मात्र अठराव्या वर्षी मिलमध्ये लागले. आता लेकीबरोबर नंदानगरात राहायचे आणि तिच्या ओठांवरून बोलणं ओळखायचे. पुढच्या रविवारी ती त्यांना स्कूटीवर बसवून सुदामा नगरला घेऊन आली. जुन्या साहेबांकडे चहाला जायचंय, एवढंच सांगितलं होतं.

नानांना पाहून कचरूंनी नमस्कार केला. चहा आला, शेव आली. नानांनी आधी डीव्हीडी-ऑडिओ लावली. कचरू आरामात चहा पीत होते, भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते. दहा मिनिटांनी नानांनी काही न बोलता तबकडी बदलली.

चौथ्या मिनिटाला कचरूंनी कप खाली ठेवला. त्यांची नजर स्पीकरकडे गेली नाही, फरशीकडे गेली. मान थोडी वाकडी झाली, ऐकणाऱ्या माणसाची होते तशी. पंचशीलाने वीस वर्षांत त्यांची मान तशी झालेली पाहिली नव्हती.

मग ते बहिऱ्यांच्या त्या मोठ्या, सपाट आवाजात म्हणाले, "आलो रे विष्णू. आलो, आलो."

खुर्चीवरून उतरून ते गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी फरशी चाचपायला लागले. काहीतरी पकडायला शोधत होते, एखादी कडी असावी तशी. पंचशीलाने त्यांचे खांदे धरले, पण ते हलेनात. नानांनी मशीन बंद केलं, तेव्हा कुठे त्यांचे हात थांबले.

जे झालं होतं ते कचरूंनी तिथेच बसून सांगितलं.

ब्लो रूम म्हणजे कापसाच्या गासड्या फोडून पिंजायची जागा. त्या साली मशीनं नव्या इमारतीत गेली आणि जुना हॉल रिकामा झाला. आवाज छान घुमतो म्हणून गाणं तिथे ठरलं. पण रेकॉर्डिंग होतं, शांतता हवी, म्हणून कामगारांना आत बंदी. कचरू दारावर होते. त्यांचा जोडीदार विष्णू गाण्याचा वेडा. तो सकाळीच म्हणाला होता, भिया, मी ऐकणारच, बघ तू. हॉलच्या खाली धूळ साठायचं तळघर होतं आणि त्याला लोखंडी झाकण होतं. गाणं सुरू व्हायच्या जरा आधी ऑफिसातून हुकूम आला, त्या भोकातून आवाज घुमतोय, झाकण लावा. कचरूंनी लावलं आणि वरून खिट्टी सरकवली.

"हाक मारली होती मी," कचरू म्हणाले. "झाकण लावायच्या आधी. पण हळू मारली. तो जर्मन ओठांवर बोट ठेवून उभा होता. उत्तर नाही आलं. मी म्हटलं, नसेल."

गाणं संपल्यावर त्यांना तानपुरे उचलून गाडीपर्यंत न्यायला लावलं. परत येईतो हॉलला कुलूप लागलं होतं. दुसऱ्या दिवशी विष्णू कामावर आला नाही. कोणी म्हणालं, मुंबईला पळाला, कोणा बाईच्या नादाने. तो मुंबईच्या गोष्टी करायचाच. दुपारी बॉयलरच्या राखेच्या गाड्या आल्या. तळघर भरून वर फरशी ओतायचं आधीच ठरलेलं होतं.

"मी उभा होतो तिथे. राख पडत होती. मी बोललो नाही. म्हटलं, मुंबईलाच गेला असेल."

कचरूंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि न विचारलेल्याचंच उत्तर दिलं. "त्यानंतर मी लूमवर बदली मागितली. तिथल्या खडखडाटात सगळे कानात कापूस घालायचे. मी नाही घातला."

मग नाना कचरूंच्या समोर येऊन खाली बसले, त्यांना ओठ दिसावेत असे. "झाकण लावा म्हणणारा मी होतो, कचरू. मला नावाच्या पुढचंही ऐकू येत होतं. 'झाकण काढ' म्हणतो तो. मी या मुलीला सांगितलं नाही."

विष्णूची बायको कौसल्या परदेशीपुऱ्यात राहत होती. लोकांच्या साड्यांना फॉल-बीडिंग करून, पेटीकोट-ब्लाउज शिवून तिने दिवस काढले होते. कपाळावर मोठं कुंकू, गळ्यात काळी पोत. पळून गेलेल्या नवऱ्याची बायको म्हणून चौतीस वर्षं तिने लोकांचे टोमणे ऐकले होते. तिघे तिच्या दारात गेले आणि कचरूंनी सगळं सांगितलं, पहिल्यापासून, काही न गाळता. कौसल्या शिलाईच्या मशीनपाशी बसूनच ऐकत होती. संपल्यावर तिने दोरा तोडला.

"मला ऐकवा ते," एवढंच म्हणाली.

तिला रिक्षाने सुदामा नगरला आणलं. ती भिंतीला टेकून बसली आणि सबंध पाऊण तास गाणं ऐकत राहिली, डोळे उघडे ठेवून. कचरू मान खाली घालून होते. नाना खिडकीशी उभे होते, पाठमोरे. गाणं संपलं.

"मला तर काही नाही आलं ऐकू," कौसल्या म्हणाली. "बाई गातात चांगल्या. त्याला आवडलं असेल." मग कचरूंचा दंड हलवून त्यांना आपल्याकडे वळवलं. "काय म्हणतो तो?"

कचरूंनी तिच्या कपाळावरच्या कुंकवाकडे पाहिलं. "तुझं नाव घेतो," ते म्हणाले.

नानांनी झटकन वळून पाहिलं, पण ते बोलले नाहीत. पंचशीलाला तेव्हाच कळलं की तबकडीत तसं काही नाही.

नानांनी अर्ज केला. बंद मिलची जागा कोर्टाच्या ताब्यात होती. जुनी फरशी खोदून बघावी, खाली एक माणूस आहे, असं त्यांनी सहीनिशी लिहून दिलं, स्वतःचं नावही घातलं. कागद या टेबलावरून त्या टेबलावर गेला. पावसाळ्याआधी एक बाबू त्यांना म्हणाला, "साहब, चौतीस साल बाद कौन खोदेगा?" शेजाऱ्यांनी कौसल्याला विचारलं, आता कुंकू पुसणार का. ती म्हणाली, "तो बोलतोय ना. मग पुसू कशाला?"

मशीन नव्हतं तरी ती तबकडी तिने मागून घेतली. नानांनी लगेच दिली. उरलेल्या डीव्हीडी-ऑडिओवर ते मारवा ऐकायचे, त्यात कोणी नव्हतं. नंतर त्यांनी तेही सोडलं. तबकड्यांची ती झुंजही पुढे कोणी जिंकली नाही. लोक कॉम्प्युटरवर फुकटात गाणी ऐकायला लागले.

कचरू मात्र दर रविवारी कौसल्याकडे जायला लागले. पंचशीला त्यांना स्कूटीवरून सोडायची. तबकडी देवांच्या कोनाड्यात ठेवलेली, तिच्या आवरणावर हळद-कुंकू. काही वाजायचं नाही. कचरू तबकडीसमोर मांडी घालून बसायचे, डोळे मिटायचे, आणि विष्णू काय म्हणतो ते सांगायचे. कापसाचा भाव, लगन झालं तेव्हाची बैलगाडी, सांवेरच्या मावशीने दिलेली पितळी कळशी. पंचशीला दारात उभी राहायची. तिला वाटायचं, बाबा कौसल्याची समजूत काढतायत. एकदा तिने कौसल्याला विचारलं, ती कळशी खरंच होती का. "होती," कौसल्या म्हणाली. "मी कधी कोणाला बोलले नव्हते."

ऑगस्टात पंचशीलाने कौसल्याला इस्पितळात आणून तिचेही कान तपासले. वयाच्या मानाने उत्तम. रेघ कुठेच कोसळली नाही.

त्यानंतरच्या रविवारी ती वडिलांना घ्यायला जरा लवकर गेली. संध्याकाळचे पाच वाजले असतील. कचरू बोलत होते, त्यांच्या मोठ्या सपाट आवाजात, काहीतरी राखेबद्दल. कौसल्याने दंड हलवून त्यांना डोळे उघडायला लावले आणि हात वर करून थांबवलं.

"थांबा कचरूभाऊ," ती म्हणाली. "त्याला बोलू द्या."

कचरूंनी तोंड मिटलं. दोघंही मान थोडी वाकडी करून जमिनीकडे बघत बसले. पंचशीला उंबऱ्यावर उभी होती. तिला फक्त पंखा ऐकू येत होता. तिने पायातल्या चपला काढल्या, पण अनवाणी पाय त्या फरशीवर टेकवायचा धीर तिला बराच वेळ झाला नाही.