बाईंची कमान आणि खजिनदारांच्या नोटा

तात्यांना कमिशन या शब्दाचाच राग. "पैसे आपले, रांगेत उभे आपण, आणि वर दक्षिणा त्यांना?" असं ते बँकेच्या दारात उभं राहून, आतल्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणत.

त्यामुळे परदेशी निघायच्या आधी बाईंनी शिकवण्यांचे साठवलेले पैसे त्यांच्या हातात ठेवून "याचे तिकडचे पैसे करून आणा" म्हटलं, तेव्हा तात्या बँकेकडे फिरकलेच नाहीत. बाई म्हणजे तात्यांची बायको. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, म्हणून घरीदारी सगळे त्यांना बाईच म्हणत. तर तात्या थेट गेले सोसायटीच्या खजिनदारांकडे. खजिनदार दहा-बारा वर्षांपूर्वी त्याच देशात जाऊन आले होते, आणि बोलण्यावरून तरी अजून पुरते परतले नव्हते. उरलेल्या नोटा त्यांच्या कपाटात कागदाखाली पडून होत्या. "न्या की! कमिशन नाही, रांग नाही, घरचा मामला!" सौदा झाला आणि आपण समोरच्याला बरं गुंडाळलं, असं दोघांनाही वाटलं.

तिकिटं, हॉटेल, सकाळचा नाश्ता, सगळं लेकीने आधीच भरून टाकलं होतं. कार्ड परदेशात चालू करून घ्या म्हणून तिने तीनदा बजावलं होतं, पण खिशात रोकड असताना कार्ड कशाला? आणि ती रोकड होती एकाच गोष्टीसाठी. आता ती दोघं येऊन उतरली होती, त्या गावाजवळ समुद्रात खडकाची एक मोठी कमान होती. लाटांनी खडक कोरून कोरून आरपार केलेला. बाई दरवर्षी सातवीच्या वर्गात खडूने ती कमान फळ्यावर काढत आणि खाली 'सागरी कमान' असं लिहीत. खरी कधी पाहिली नव्हती. इथून दुपारी एक बोट त्या कमानीखालून जाऊन येत असे, आणि उद्या सकाळी तर त्यांची बस पुढच्या गावाला निघायची होती.

"मी आवरते, तुम्ही तिकिटं काढून ठेवा," बाई म्हणाल्या, आणि तात्या शीळ घालत धक्क्यावर गेले.

खिडकीतल्या तिकीटवालीने नोट घेतली, उलटी केली, सुलटी केली, शेजारणीला हाक मारली. मग दोघींनी मिळून ती नोट अशी निरखली, जणू कुणाच्या पणजोबांचा फोटो सापडलाय. शेवटी तिने गल्ल्यातून आपली नोट काढून दाखवली. रंग वेगळा, चित्र वेगळं, आकारही लहान. "ओल्ड," ती हसून म्हणाली. "बँक." आणि चढावरच्या रस्त्याकडे बोट केलं.

चढ चढून बँकेत पोचेपर्यंत तात्यांनी खजिनदारांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण बँकेतल्या बाईंनी, साखळीचा चष्मा नाकावर घेत, मान डोलावली. हो, जुन्या नोटा आम्ही बदलून देतो. तात्यांच्या जिवात जीव आला, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "पासपोर्ट?"

पासपोर्ट खोलीवर, बाईंच्या पर्समध्ये. तात्यांच्या हाती महत्त्वाचा कागद द्यायचा नाही, हा घरातला जुना कायदा होता आणि त्याला कारणंही भरपूर होती.

खोलीवर बाई आरशासमोर केसात पिना खोचत होत्या. चांगली निळी साडी, पायात बूट, गळ्यात दुर्बीण.

"अगं, माझा पासपोर्ट दे जरा."

"कशाला?"

"असंच. फोटो कसा आलाय बघतो."

बाई वळल्या. 'वही घरी राहिली बाई' हे वाक्य त्यांनी इतक्या पोरांच्या तोंडून ऐकलं होतं, की त्यांच्यापुढे खोटं बोलायला अंगात कला लागे. ती तात्यांकडे नव्हती. "काय झालं" असं बाईंनी विचारलंच नाही. त्या म्हणाल्या, "काय केलंत?"

तात्यांनी सगळं सांगून टाकलं.

"किती वाचवलेत हो? शंभर? दीडशे? दीडशे रुपयांसाठी माझी कमान पणाला लावलीत?"

"एकशे ऐंशी," तात्यांच्या तोंडून निघून गेलं.

बाई मटकन पलंगावर बसल्या. "आयुष्यात एक गोष्ट मागितली मी स्वतःसाठी. तीही स्वतःच्या पैशाने." डोळे भरून आले त्यांचे. तात्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं, असं त्यांना वाटलं. पण बाईंनी पदराने डोळे पुसले, पर्स काखेला मारली आणि म्हणाल्या, "उठा. बोट सुटायला वेळ आहे अजून."

बँकेत आता रांग होती. चष्मेवाल्या बाईंनी एकेक नोट उजेडात धरली, दिव्याखाली धरली, बोटाने चाचपली. खजिनदाराने खोट्या तर गळ्यात मारल्या नाहीत ना, या धास्तीने तात्या मनातल्या मनात सगळ्या देवांना वेठीला धरत होते. देव पावले. खिडकीतून कोऱ्या नोटा आणि मूठभर नाणी बाहेर आली.

"बघ! एक पैसा कापला नाही—" तात्यांची छाती फुगली, आणि बाईंच्या नजरेने लगेच बसली. बाईंनी नोटा पर्समध्ये टाकल्या, नाणी त्यांच्या हातावर ठेवली. "हे तुमच्या चहाला. नोटांना हात लावायचा नाही."

दोघं पळत-धापत धक्क्यावर आली, तर बोट सुटलेली. पांढरी, भरलेली, लांब चाललेली. बाई दुर्बीण डोळ्याला लावून तिच्याकडे बघत राहिल्या.

तिकीटवालीलाच दया आली. तिने पलीकडे छोटी होडी घासत बसलेल्या एका लाल स्वेटरवाल्या नावाड्याला हाक मारली. तो आला, दोघांना न्याहाळलं, आणि ओल्या फळीवर बोटाने आकडा लिहिला.

बाईंच्या पर्समधल्या जवळजवळ सगळ्या नोटा! तात्या औषधाच्या दुकानातसुद्धा घासाघीस करणारे. त्यांच्या डोक्यात गुणाकार सुरू झाला, 'अर्ध्यात ये बाबा' जिभेवर आलं. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई आकड्याकडे बघतच नव्हत्या. त्या तात्यांच्या तोंडाकडे बघत होत्या, निकालाच्या दिवशी पोरं बघतात तशा.

तात्यांनी नावाड्याकडे बघून मान डोलावली. "बस होडीत," ते म्हणाले. "पाय जपून टाक."

कमान जवळ येत गेली तशी मोठी होत गेली, आणि मोठी होतच राहिली. नावाड्याने इंजिन मंद केलं. होडी खाली शिरली. डोक्यावर ओला काळा खडक, गार सावली, पलीकडे उन्हाचा चौकोन, आणि पाण्याचा असा आवाज की छातीत घुमावा. बाई मान वर करून बघत होत्या. दुर्बीण गळ्यात तशीच लोंबत होती.

"अहो," त्या म्हणाल्या, "मी फळ्यावर फारच लहान काढत होते हो." आणि रडता रडता हसायला लागल्या.

होडी पलीकडे निघाली. नावाड्याने सुकाणू गावाकडे वळवलं. तात्यांनी खिशात हात घातला, चहाची सगळी नाणी मुठीत घेतली, त्याच्या तळव्यावर ओतली, आणि बोटाने हवेत गोल काढून कमानीकडे दाखवलं. नावाडी मोठ्याने हसला आणि होडी परत फिरली.

"अहो! किती दिलेत त्याला?"

"बघितलं नाही," तात्या म्हणाले.

बाईंनी कमानीवरची नजर काढली, आणि कितीतरी वेळ तात्यांकडेच बघत राहिल्या.