धुतलेली आलमारी

बायनाबाईच्या घरात देवाच्या खालोखाल मान होता तो सागवानाला. माजघरातली तिची आलमारी बापानं आंदणात दिलेली होती. अस्सल आलापल्लीकडचं लाकूड, चार गडी लावले तरी कण्हत उचलावी लागायची. दर दिवाळीला ही आलमारी अंगणात निघे. मग बायनाबाई पदर खोचून तिच्यावर बकेटीमागून बकेट ओते, काथ्यानं घासे, उन्हात वाळवी आणि वरून तेलाचा हात फिरवी. पोटच्या पोरालाही हिनं कधी एवढं घासून न्हाऊ घातलं नाही, असं तिचा नवरा गुणवंतराव चारचौघांत सांगायचा. बायनाबाईला त्याचं काही वाटत नसे. आलमारी चाळीस वर्षं जशीच्या तशी होती आणि पोरगा अजय मात्र तिशीतच टक्कल पडून बसला होता.

अशा बाईच्या नशिबी सून आली ती भुशाचं फर्निचर विकणारी. साधना नागभीडची. लग्नाआधी ती नागपूरच्या एका शोरूममध्ये कामाला होती, कॉम्प्युटरवर लोकांचं स्वयंपाकघर मांडून दाखवायची. लग्नानंतर ती गावात बसून राहील असं बायनाबाईला वाटलं होतं. पण तिनं अजयला ट्रॅक्टरवरून खाली उतरवलं, गोंडपिपरीच्या बाजार रोडवर एक गाळा धरला, बोर्ड कापायची मशीन बसवली आणि दुकान थाटलं. बायनाबाई पहिल्या दिवशी नारळ फोडायला गेली, भिंतीला टेकवलेल्या गुळगुळीत फळ्यांवर बोट फिरवलं आणि नाक मुरडून परत आली.

"भुसा दाबून कुठी लाकूड होते काय वो?" त्या संध्याकाळी तिनं जेवताना विचारलं.

"होते ना, आई," साधना भाकरी वाढता वाढता म्हणाली. "सगळं भुशाचंच नसते. प्लायमध्ये लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवते, एक आडवा, एक उभा. म्हणून ते वाकत नाई. अन् आता सागवान कोण घेते? गावोगावी घरकुलं बांधून राह्यले. एवढाल्या खोल्या. तुमची आलमारी तर दारातून आतच जाणार नाई. पुढच्या दहा वर्षांत सगळं बोर्डाचंच होईन, पाह्यजा तुम्ही."

"आपल्या धुऱ्यावरची निलगिरी कुठी जाते मंग?" गुणवंतरावांनी कान टवकारले. धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, शेताच्या कडेच्या बांधावर, त्यांनी निलगिरी लावली होती, त्या वेळी अख्खं गाव हसलं होतं.

"प्लायच्याच कारखान्यात जाते, बाबा. तिथून माझ्या दुकानात परत येते."

त्या दिवसापासून गुणवंतराव धुऱ्यावर जाऊन झाडांकडे असे पाहू लागले, जशी काही ती झाडं म्हणजे बोहल्यावरचे जावईच. बायनाबाई मात्र म्हणत राहिली, "तुझं भुशाचं तुले लखलाभ."

दुकानाला गिऱ्हाईक लागलं ते तालुक्याच्या गावातलं. मास्तर, तलाठी, दवाखान्यातली नर्स. आजूबाजूच्या खेड्यांतून कोणी येईना. खेड्यात फर्निचर घेतात ते लग्नाला, आणि आंदण म्हणजे सागवान, निदान बिजाचं लाकूड तरी. साधना कधी बोलून दाखवत नसे, पण गाळा चालायचा तर खेडी यायला हवीत, हे ती जाणून होती आणि न सांगता बायनाबाईलाही ते कळत होतं. म्हणून पलीकडच्या आळीतल्या रुखमानं आपल्या रोशनीच्या लग्नासाठी साधनाकडं आलमारी सांगितली, तेव्हा बायनाबाईच्या घरात दसऱ्यासारखं वातावरण झालं. गावातलं पहिलंच बोर्डाचं आंदण. हे नीट पार पडलं तर पुढची दहा लग्नं साधनाची, आणि बिघडलं तर पुन्हा कोणी या घराचं नाव काढणार नव्हतं.

आलमारी तयार होऊन घरी आली आणि पडवीत उभी राहिली. लग्न आठवड्यावर होतं. मोतिया रंगाचा सनमायका, आत साड्यांचे कप्पे, दागिन्यांना कुलपाचा खण, आणि खाली एक ड्रॉवर, बोटानं ढकलला की न आवाज करता आत जाणारा. साधना आणि अजय दुकानात गेले. बायनाबाईनं इकडं तिकडं पाहिलं आणि ड्रॉवर उघडला. मग मिटला. मग पुन्हा उघडला. गुणवंतराव मागं येऊन कधी उभे राहिले ते तिला समजलंच नाही.

"काय पाहून राह्यली, अजयची माय?"

"काही नाई. पोरीनं चांगली बनवली जी," ती म्हणाली, आणि आपण हे बोललो याचं तिलाच नवल वाटलं.

आता इथं कोणालाही वाटेल, की चला, सासूचं मन वळलं, सगळं छान झालं. पण बायनाबाई बेतानं प्रेम करणारी बाईच नव्हती. तिला आलमारी आवडली आणि आवडल्यावर लगेच तिच्या मनात आलं, की दुकानातून, मशीनच्या धुळीतून आलेली वस्तू तशीच नवरीसोबत कशी पाठवायची? आंदणाची भांडी असोत, पलंग असो, मांडवात जाण्याआधी सवाशिणीनं ती धुवायची आणि हळदीकुंकवाची पाच बोटं ओढायची, ही त्या गावची रीत. साधनानं तिला एकदा सांगितलं होतं खरं, "ओल्या फडक्यानं पुसायचं असते, आई." पण फडक्यानं पुसणं म्हणजे, बायनाबाईच्या मते, ज्यांच्या घरी बोअर नाही अशा शहरातल्या लोकांची चैन होती.

दोघं म्हाताऱ्यांनी मिळून आलमारी अंगणात ओढली. ती एवढी हलकी निघाली, की गुणवंतरावांना हुरूप आला. ते स्वतः बोअरचा पाइप धरून उभे राहिले. बायनाबाईनं आतून धुतली, बाहेरून धुतली, पाठीमागून धुतली. साबणाचा फेस करून कोपरे घासले. नेहमी एका दिवाळीला दाखवते त्याहून जास्त माया तिनं त्या दिवशी त्या आलमारीवर खर्च केली. मग उन्हात उभी करून, घाम पुसत, ती चहाला बसली. सुनेला काय आनंद होईल याचा विचार करत तिनं चहात साखर जरा जास्तच टाकली.

ऊन कलल्यावर ती हळदीकुंकू घेऊन आलमारीपाशी गेली. खालची फळी भिजल्या पावासारखी फुगली होती. दारं मिटेनात. सनमायका कडेनं उकलून जिभल्या काढू लागला होता, आणि तो मघाचा लाडका ड्रॉवर ओढला तरी जागचा हलेना. तिनं कुंकवाचा करंडा तिथंच जमिनीवर ठेवला.

अजय आला आणि बोंबलला. "आई, काऊन पाणी मारलं तू त्याच्यावर? डोकं फिरलं का तुझं?" गुणवंतराव मध्ये पडले, "मी पाइप धरून होतो, मले बोल," असं म्हणाले, तर त्यांनाही दोन शब्द ऐकावे लागले. साधनानं मात्र वाकून फुगलेल्या कडेवर हात फिरवला आणि आत जाऊन गॅस पेटवला. बायनाबाईला ते सगळ्यात जास्त लागलं. सून भांडली असती, तिची माय काढली असती, तर बायनाबाईला जेवण गोड लागलं असतं. त्या रात्री तिला घास उतरला नाही.

सकाळी उठून ती कोणाला न सांगता रुखमाच्या घरी गेली. रुखमा कुरडया वाळत घालत होती.

"रुखमा, तुह्या पोरीची आलमारी मी नासवली," बायनाबाई उभ्याउभ्याच म्हणाली. "साधनाची काही चूक नाई. तिनं सांगतलं होतं. मी धुतली."

"धुतली?"

"बकेटीनं. बोअर लावून. आतून बाहेरून."

रुखमा तिच्याकडं पाहत राहिली आणि मग एवढी हसली, की कुरडयांचा सोऱ्या हातातून सुटला. "अवो बाई, मी तर ते आली का पयले धुणारच होती! लेकीच्या सासरी धूळभरी वस्तू पाठवू काय? मी काथ्या सुदीक काढून ठेवला." तिनं खरंच आतून काथ्या आणून दाखवला.

बायनाबाई घरी परतली ती वेगळ्याच पावलांनी. साधना न जेवता दुकानात निघाली होती. तिला दारातच गाठून बायनाबाई म्हणाली, "ऐक. रुखमा पण धुणार होती. अन् रोशनीची सासू पण धुणार, चामोर्शीवाली. तू लाख सांग फडकं माराले, ह्या मुलखातली कोणतीच बाई तुझं ऐकणार नाई. दिवाळी आली का सगळ्या आलमाऱ्या अंगणात."

साधना उंबरठ्यावर खाली बसली. मग ती हळूच हसली. "म्हणजे चूक तुमची नाई, आई, माझी हाय. मी नागपूरची आलमारी बनवली. नागपुरात कोणी अंगणात नेत नाई, त्यांच्याकडे अंगणच नाई. साधा बोर्ड तिथं चालते. इथी वॉटरप्रूफ प्लाय पाह्यजे. थोडं जास्त पडंल, पण इथल्या बायका ते मांगतीनच."

"पाण्यात टिकते?"

"उकळत्या पाण्यात टिकते म्हणते कंपनीवाले."

"कंपनीवाले काय म्हणते ते मले नको सांगू. मी पाहीन."

पुढचे चार दिवस दुकानातलं दुसरं काम बाजूला पडलं. साधना आणि अजयनं नवी आलमारी बनवली, सगळ्या कापलेल्या कडा पट्टी लावून बंद केल्या, खाली जमिनीपासून वर उचलणारे पाय बसवले. ती घरी आली, तेव्हा साधनानं स्वतः बकेट भरून सासूपुढं ठेवली. "मारा, आई."

बायनाबाईनं बकेट उचलली. चाळीस वर्षं पाणी ओतणारा हात, पण आज त्या पाण्यात सुनेचं दुकान होतं. तिनं डोळे मिटले आणि बकेट रिती केली. मग दुसरी. आत हात घालून तिनं प्रत्येक कोपरा चाचपला. "दाराच्या फटीतून धार आत जाते," ती म्हणाली. साधनानं लगेच दारांना आतून रबराची पट्टी बसवली. पुन्हा पाणी मारलं. आत कोरडं. दुसऱ्या दिवशी उजाडताच बायनाबाई चूळही न भरता पडवीत गेली, खालच्या फळीवर हात फिरवला, ड्रॉवर बोटानं ढकलला. तो न आवाज करता आत गेला. तिला रडू आलं. ते तिनं लपवलं नाही.

लग्नाच्या दिवशी आंदण मांडवात मांडलं होतं. भांडी, गाद्या, पंखा आणि मधोमध मोतिया आलमारी, हळदीकुंकवाची बोटं ओढलेली, आत रोशनीच्या साड्या. चामोर्शीचं वऱ्हाड आलं. नवरदेवाची आत्या, जाडजूड बाई, आंदण न्याहाळत फिरली आणि आलमारीपाशी थांबून तिनं दारावर बोटांनी टकटक केली.

"सागवान नाई वाटत," ती चारजणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "भुशाचं दिसते. एक पाणी पडलं का फुगते ते. पोटच्या पोरीले असं देते काय?"

रुखमाचा चेहरा उतरला. बोहल्याकडं जायला निघालेली रोशनी तिथंच थबकली. हा एक शब्द सासरी जन्मभर आपल्या मागं येणार, हे तिला त्या क्षणी समजलं होतं. साधना काहीतरी समजावून सांगायला पुढं झाली, प्लाय म्हणजे काय, पापुद्रे कसे असतात वगैरे. बायनाबाईनं तिला हातानं मागं सारलं.

तिनं नव्या लुगड्याचा पदर कमरेला खोचला. "अजयचे बाबा, बकेट आणा."

"भरून?" गुणवंतरावांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता ते निघाले.

"आई, साड्या हाय आत," साधना कुजबुजली.

"ठाऊक हाय मले."

मांडवातले लोक गोळा झाले. वाजंत्रीवाल्यानं वाजवणं थांबवलं. बायनाबाईनं बकेट उचलली आणि आलमारीच्या माथ्यावरून सगळं पाणी एका दमात सोडून दिलं. पाणी दारांवरून ओघळलं, जमिनीवर पसरलं, आत्याच्या पायातल्या नव्या चपला भिजल्या. बायनाबाईनं दार उघडलं, सगळ्यात वरची साडी काढली आणि आत्याच्या गालाला लावली.

"ओली हाय?"

आत्यानं साडी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. मग वाकून तिनं खालच्या फळीवर हात फिरवला आणि शेवटी, न राहवून, ड्रॉवर बोटानं ढकलून पाहिला. तो आत गेला. तिनं तो पुन्हा उघडला. बायनाबाईला ती खूण चांगलीच ओळखीची होती.

"आमच्या लहानीचं लगीन दिवाळीनंतर हाय," आत्या सरळ होत म्हणाली. आता तिचा आवाज बराच खाली आला होता. "हे कुठी भेटते? तुमचं दुकान हाय काय, बाई?"

बायनाबाईनं रिकामी बकेट गुणवंतरावांच्या हातात दिली आणि मागं उभ्या असलेल्या साधनाचा हात धरून तिला पुढं ओढलं.

"दुकान माह्या सुनेचं हाय," ती म्हणाली. "झाडं आमच्या धुऱ्यावरची हाय. पाणी माराचं काम तेवढं माह्याकडे हाय."